नमुना क्रमांक बारा

मंगळवारी सकाळी मागच्या गल्लीत, एकतीस नंबरच्या घरासमोरच्या गटाराच्या चेंबरवरचं झाकण नाहीसं झालं. झाकण लोखंडी, गोल, दोन कड्यांचं आणि सार्वजनिक मालकीचं होतं. ते कुणी नेलं याची चौकशी झाली नाही, कारण सार्वजनिक वस्तू नाहीशी झाली तर ती कुठल्यातरी सार्वजनिक कामालाच गेली असेल असं समजण्याची त्या गल्लीत पद्धत होती. झाकणाच्या जागी कमरेएवढा खोल खड्डा उरला. गल्लीनं दुपारपर्यंत आत डोकावून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत त्याला वळसा घालून चालायला शिकून घेतलं.

एकतीस नंबरमध्ये बाइंडर राहायचा. वर घर, खाली कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात कागद कापायचं यंत्र, खळीचं पातेलं, फर्मे म्हणजे छापील कागदांच्या घड्या शिवायचा साचा आणि वडिलांच्या वेळचा दाबाचा प्रेस. प्रेसच्या फळ्या सागवानी, दोन बोटं जाड, दोन हात लांब आणि जवळपास तेवढ्याच रुंद. नव्यानं बांधलेली पुस्तकं त्या फळ्यांमध्ये घालून वरून स्क्रू आवळायचा. पन्नास वर्षं झाली, फळ्यांना बाक आलेला नव्हता. नगर कार्यालयाची सगळी रजिस्टरं याच खोलीत बांधली जात, त्यामुळे आपलं आणि सरकारचं काहीतरी नातं आहे असं बाइंडरला मनातून वाटत असे.

झाकण गेल्याचं त्याला वाईट वाटलं ते आईसाठी. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आणि दुसऱ्या डोळ्याला दिवस आहे की संध्याकाळ एवढंच कळायचं. तरीही ती रोज सकाळी नऊ वाजता काठी टेकत, गल्ली ओलांडून समोरच्या घरी आपल्या धाकट्या बहिणीकडे जायची आणि अकरा वाजता परत यायची. चाळीस पावलांचा रस्ता, आणि एकोणिसाव्या पावलावर खड्डा. बाइंडरनं तिला विनवून पाहिलं, की झाकण बसेपर्यंत मावशीलाच इकडे येऊ दे. आई म्हणाली की मावशीचे गुडघे गेलेत, तिचे गुडघे आणि माझे डोळे मिळून आम्ही एक धड बाई आहोत, तेव्हा मला जायलाच हवं. खड्डा कुठे आहे तेवढं सांग, मी काठीनं चाचपत जाईन.

बाइंडरनं त्याच दिवशी चार ओळींचा अर्ज लिहिला. झाकण गेलं आहे, खड्डा उघडा आहे, आई आंधळी आहे, झाकण बसवा. बायको फर्मे शिवत बसली होती. ती म्हणाली, "अहो, अर्ज द्या, पण तोवर आपल्या त्या—"

"थांब गं," तो म्हणाला, "सही राहिली."

नगर कार्यालयातल्या तक्रार खिडकीवर जो लिपिक बसायचा तो स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं अर्ज शेवटपर्यंत वाचला, आंधळ्या आईपाशी आल्यावर खरोखर चुकचुकला आणि अर्ज परत दिला. मग त्यानं भिंतीवरच्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. नागरिकांच्या तक्रारींची भाषा दिवसेंदिवस खालावत चालली असून त्यामुळे कार्यालयाच्या प्रतिमेस बाधा पोहोचत असल्याचं वरिष्ठांच्या निदर्शनास आलं होतं. सबब, एक तारखेपासून तक्रारी फक्त इंग्रजीत, व्याकरणशुद्ध आणि मान्यताप्राप्त नमुन्यानुसारच स्वीकारल्या जात होत्या.

खिडकीला साखळीनं एक पुस्तक बांधलेलं होतं. व्यावहारिक इंग्रजी पत्रलेखन. बाइंडरनं ते लगेच ओळखलं, शिवण त्याच्याच हातची होती. आत अकरा नमुना पत्रं होती. रस्त्यावरचा दिवा बंद असल्याबद्दल एक, सायकल हरवल्याबद्दल एक, मित्राला निबंधस्पर्धेत पहिला क्रमांक मिळाल्याबद्दल अभिनंदनाचं एक, आजारपणाच्या रजेचं एक, थंड हवेच्या ठिकाणाचं वर्णन करणारं एक. उघड्या चेंबरचं एकही नव्हतं.

"तुमची अडचण मला मान्य आहे," लिपिक म्हणाला. "पण ती नमुन्यात नाही."

"मग मी काय करू?"

"नमुन्यात असलेली एखादी अडचण घेऊन या."

लिपिकानं त्याला एक चांगला सल्लाही दिला. कार्यालयाच्याच सभागृहात रोज सकाळी आठ ते नऊ पत्रलेखनाचा वर्ग भरत होता. तिथे जा, भाषा सुधारा, मग मार्ग निघेल. बाइंडर दुसऱ्या दिवसापासून जायला लागला. निघताना तो बायकोला बजावून जायचा, की आईला खड्ड्याच्या बाजूनं हात धरून ने. बायको न्यायची. परतीच्या वेळी मात्र आई कुणाचा हात धरत नसे.

वर्ग घेणारे सर टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांच्या खिशाला दोन लाल पेनं असत, एक चालू आणि एक राखीव. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला आपली अडचण इंग्रजीत सांगायला लावली. बाइंडरनं घाम पुसत पुसत सांगितलं की घरासमोर खड्डा आहे. सरांनी विचारलं, आहे म्हणजे कसा? नेहमी असतो, सध्या आहे, की मंगळवारपासून असत आलेला आहे? बाइंडर म्हणाला, तिन्ही. सरांनी फळ्यावर तिन्ही काळ लिहिले आणि पुढचे नऊ दिवस वर्गानं बाइंडरचा खड्डा वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भविष्यकाळात बारा प्रकारे चालवून पाहिला. खड्डा कुठल्याच काळात भरला नाही, पण बाइंडरच्या वहीत सुधारणा झाली.

नमुन्यात एका अक्षराचाही फरक चालणार नाही, हा सरांचा कडक नियम. विद्यार्थ्यांनी स्वतःचं डोकं चालवलं की चुका होतात असा त्यांचा अनुभव होता. ते म्हणायचे, "खड्डा केव्हाही भरता येतो. पत्रातली चूक एकदा गेली की गेली." हे वाक्य वर्गातल्या सगळ्यांनी उतरवून घेतलं होतं.

वर्गात एकेक नग होता. एक सुईण होती, तिला बाळंतिणींना पत्र द्यायचं असायचं. तिला सगळ्यांत जवळचा नमुना अभिनंदनाचा सापडला. त्यामुळे त्या वर्षी नगरातल्या सदतीस बाळंतिणींना निबंधस्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. एका बाईंचा नवरा घर सोडून गेला होता. त्यांनी सायकल हरवल्याचा नमुना भरून दिला आणि पंधरा दिवसांत कार्यालयानं त्यांना एक काळी सायकल आणून दिली. त्या म्हणाल्या, ही निदान बोलावल्यावर वाजते तरी. उरलेले बहुतेक सगळे दिव्याचा नमुना लिहायचे. कुणाकडे पाणी नव्हतं, कुणाची भिंत कलली होती, कुणाच्या गल्लीत कुत्री मोकाट होती. पण प्रत्येकाचा हिशेब एकच, की दिवा बदलायला माणूस आला की त्याला आपली भिंत दाखवू.

बाइंडरला हे पटलं. त्यानंही दिव्याचा नमुना सुवाच्य अक्षरात लिहून खिडकीवर दिला. लिपिकानं पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून पाहिली, शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "बघा, जमलं की नाही?" बाइंडरचा ऊर भरून आला. घरी येऊन त्यानं पोचपावती देवघरात ठेवावी तशी कपाटात जपून ठेवली. आठ दिवस त्यानं दिवेवाल्याची वाट पाहिली. दिवेवाला आला नाही.

मग त्याला वर्गातच कळलं. मागच्या बाकावर एक वयस्क बाई काळा चष्मा लावून बसायच्या. त्या मुख्य रस्त्यावरच्या घर क्रमांक सातमध्ये राहत. नमुना पत्रातला पत्ता हाच होता. पुस्तक लिहिणाऱ्यानं सहज म्हणून घर क्रमांक सात, मुख्य रस्ता असं घातलं होतं आणि पत्ता बदलणं म्हणजे नमुन्यात बदल, म्हणून नगरातले सगळे जण तोच पत्ता लिहीत होते. सात नंबरसमोर आतापर्यंत एकशे चार दिवे बसले होते. बाईंच्या कुंड्यांतली झाडं उन्हाविनाच करपली होती. त्यांना दिवे कमी करून हवे होते, पण दिवे कमी करण्याचा नमुना नव्हता, म्हणून त्याही वर्गात येत होत्या.

सात नंबरच्या बाईंनी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. त्यांना इंग्रजी सरांपेक्षा बरं यायचं, पण हे त्यांनी वर्गात कधी दाखवलं नाही, कारण वर्गात हुशारीला गुण नव्हते. त्यांनी बाइंडरची गोष्ट ऐकली आणि चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "तुमची तक्रार पुस्तकात नाही, एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "आणि पुस्तक बांधतं कोण?"

बाइंडरला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो दचकला. पुस्तकाची नवी आवृत्ती छापून त्याच्याचकडे बांधायला आली होती. सहाशे प्रती, फर्मे घडी घालून भिंतीशी रचलेले. तीन दिवस तो त्या गठ्ठ्यांकडे बघत बसला. सरकारी पुस्तकात परस्पर पान घालणं म्हणजे काय याची त्याला कल्पना होती. पण रोज अकरा वाजता तो खिडकीतून आईला परत येताना बघायचा. ती एकोणीस पावलं सरळ येई, मग थांबे, काठीनं जमिनीवर टकटक करत कडेला सरके, काठी रिकामी खाली जाई, ती क्षणभर तशीच उभी राही आणि मग पुढे येई. तेवढा वेळ बाइंडरच्या हातातला टाका तसाच राहायचा. चौथ्या दिवशी त्यानं ठरवलं, की ही काही खाडाखोड नाही, नुसती भर आहे.

सात नंबरच्या बाईंनी पत्र लिहिलं. विषय, मायना, तीन परिच्छेद, नम्र विनंती, आपला विश्वासू. ओळखीच्या छापखान्यात सहाशे पानं छापून घेतली. बाइंडर आणि त्याची बायको दोघांनी बसून प्रत्येक प्रतीत चव्वेचाळिसाव्या पानानंतर ते पान शिवलं. पत्ता अर्थातच घर क्रमांक एकतीस, मागची गल्ली. शिवता शिवता बायको म्हणाली, "एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा मी काय म्हणते, ती प्रेसची—"

"बोलू नकोस," बाइंडर म्हणाला, "टाका चुकेल."

एक तारखेला नवी आवृत्ती साखळीला लागली. प्रस्तावनेत वरिष्ठांनी या पुस्तकात निवडक अकरा पत्रं आहेत असं म्हटलं होतं आणि आत बारा होती, पण प्रस्तावना वाचायची असते अशी कुणाची समजूत नव्हती. बाइंडरनं नमुना क्रमांक बारा लिहून खिडकीवर दिला. लिपिकानं पान उलटलं, ताडून पाहिलं आणि शिक्का मारला. वर म्हणाला, "हे नवीन घातलेलं दिसतंय. वरच्यांचं लक्ष असतं बघा."

चौथ्या दिवशी झाकणवाला हातगाडीवर झाकण घेऊन आला आणि बसवून गेला. बाइंडर रस्त्यात उभा राहून त्या झाकणावर दोनदा उडी मारून आला. आई त्यावरून चालत गेली तेव्हा काठीचा लोखंडावर टण आवाज झाला आणि तो आवाज ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा दिवस तो आवाज रोज सकाळी नऊ आणि अकरा वाजता येत राहिला. ते सहा दिवस बाइंडर फार सुखी होता.

सातव्या दिवशी सकाळी दहा वाजता झाकणवाला पुन्हा आला आणि झाकण काढू लागला. बाइंडर धावत खाली गेला.

"अहो, हे काय करताय? चांगलं बसलंय ते."

"तक्रार आलीय," झाकणवाला म्हणाला आणि त्यानं कागद दाखवला. घर क्रमांक एकतीससमोर झाकण नाही.

"पण आहे की झाकण."

"तेच तर. असलेलं झाकण बसवणार कसं? आधी नसायला हवं."

त्याचं म्हणणं रास्त होतं. त्याच्या कागदावर दोन रकाने होते. पहिल्यात झाकण नसल्याचं स्वतः पाहिलं अशी नोंद करायची आणि दुसऱ्यात झाकण बसवल्याची. पहिला रकाना खोटा भरला तर नोकरी जाण्याची भीती. म्हणून तो आधी झाकण काढायचा, हातगाडीवर घालून भांडारात जमा करायचा, पावती घ्यायचा, मग नव्या तक्रारीवर नवं झाकण मागायचा. भांडारात झाकण एकच होतं, ते तो परत घेऊन यायचा. जाण्यायेण्यात आणि जेवणाच्या सुट्टीत दुपारचे तीन वाजायचे. दहा ते तीन चेंबर उघडं.

आणि तक्रारी काही एकदोन नव्हत्या. नवा नमुना म्हणून सरांनी तो परीक्षेला लावला होता आणि परीक्षेचे पेपर सरावासाठी प्रत्यक्ष खिडकीवर द्यायचे असा वर्गाचा दंडक होता. शिवाय ज्यांच्या भिंती कलल्या होत्या आणि ज्यांना पाणी नव्हतं, ते दिव्याला कंटाळले होते. त्यांना वाटलं, झाकणवाला आला की त्याला दाखवू. पंधरवड्यात एकतीस नंबरच्या चेंबरबद्दल दोनशे चौदा तक्रारी आल्या. आपल्या अडचणीचं एवढ्या लोकांना वाटतंय हे पाहून बाइंडर आधी भारावला. मग त्यानं सुट्ट्या वगळून दोनशे चौदा दिवस मोजले आणि खाली बसला.

तो खिडकीवर गेला. झाकण काढू नका असं त्याला म्हणायचं होतं. लिपिकानं पुस्तक चाळलं. असा नमुना नव्हता. पुढची आवृत्ती पुढच्या वर्षी. लिपिक खरोखर हळहळला आणि म्हणाला की तुमच्या चेंबरइतकं लक्ष कार्यालयानं आजवर कुठल्याच चेंबरकडे दिलेलं नाही, याचंही समाधान माना. सात नंबरच्या बाई एवढंच म्हणाल्या, "आता तुम्हाला कळेल दिव्यांचं काय होतं ते."

बाइंडरनं आईला पुन्हा विनवलं. आई म्हणाली, "तूच म्हणालास ना झाकण बसलं म्हणून? मग आता बसलंय का नाही बसलंय, ते एकदा नक्की ठरवा तुम्ही लोक." झाकण नऊ वाजता होतं, अकरा वाजता नव्हतं आणि चार वाजता असणार होतं. वाक्य तीन काळांत बरोबर होतं, पण ते आईला सांगून उपयोग नव्हता.

परीक्षेत बाइंडर पहिला आला. त्यानं नमुना क्रमांक बारा असा काही लिहिला होता की सरांच्या दोन्ही लाल पेनांना त्यात काही सापडलं नाही. वर्गाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. बक्षीस समारंभ सोमवारी सकाळी साडेदहाला, सभागृहात, वरिष्ठांच्या हस्ते. बायकोनं विचारलं की झाकणवाला दहाला येतो आणि आई अकराला येतात, तर आज घरी थांबता का. बाइंडर म्हणाला, आज एकच दिवस, तू बघ. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला आणि तो खड्ड्याला वळसा घालून निघाला.

सभागृहात सरांनी बाइंडरचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. घरासमोरचा खड्डा, वृद्ध आणि दृष्टिहीन माता, कोणत्याही क्षणी घडू शकणारा अपघात, नम्र विनंती. वरिष्ठ डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या ओळीनंतर ते म्हणाले की भाषा ही अशी असावी, खड्डा अक्षरशः डोळ्यांसमोर उभा राहतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. लिपिकानं रुमाल काढून डोळे टिपले. बाइंडरला व्यासपीठावर बोलावून प्रमाणपत्र दिलं गेलं आणि ते हातात घेताना त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

तेवढ्यात त्याला दारात बायको दिसली. तिचे केस सुटले होते आणि पदर चिखलानं भरला होता. दारावरचा शिपाई तिला आत सोडत नव्हता, कारण समारंभ संपेपर्यंत सभागृहात फक्त इंग्रजी बोलायचं ठरलं होतं आणि तिला काय म्हणायचं ते इंग्रजीत सांगता येत नव्हतं. ती दोन्ही हात उंच करून त्याला बोलवत होती. बाइंडरला वाटलं, बिचारी आनंदानं हात हलवते आहे. त्यानं प्रमाणपत्र उंच धरून तिला दाखवलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आई अकराला परत येत होती. काठी एकविसाव्या पावलाला थोडी उजवीकडे टेकली आणि आई डावीकडे गेली. खड्डा कमरेएवढाच होता म्हणून ती वाचली, पण घोट्याचं हाड मोडलं. मावशी दारात बसून ओरडली, तिला उठता येईना. बायको धावली. हातगाडी घेऊन झाकणवाला नुकताच कोपऱ्यावर पोचला होता, तोही परत धावला आणि दोघांनी मिळून आईला वर काढलं. मग झाकणवाल्यानं हात धुतले, पहिला रकाना भरला आणि तो भांडाराकडे गेला, कारण क्रमांक अठरा अजून निकालात निघायचा होता.

दवाखान्यातून प्लास्टर घालून आईला घरी आणलं. दुपारी गल्लीतले सगळे भेटून गेले. समोरचा सुतार आला, कोपऱ्यावरचा लोहार आला, वर्गातली मंडळी आली. प्रत्येकानं आईच्या पायाकडे पाहून हळहळ व्यक्त केली आणि जाताना बाइंडरला ते पत्र एकदा बघू द्या म्हटलं. सरही आले. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाले की कोणत्याही क्षणी अपघात घडू शकतो, हे वाक्य आता भूतकाळात घ्यावं लागेल, बाकी उत्तम.

सगळे गेल्यावर बाइंडर आईच्या उशाशी बसला. त्याला रडू येत होतं. त्यानं ते पत्र आपल्या भाषेत करून तिला वाचून दाखवलं. आईनं डोळे मिटून सगळं ऐकलं.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "शेवटी ते काय म्हणालास?"

"खड्डा झाकावा ही नम्र विनंती."

"ही विनंती कुणाला?"

"कार्यालयाला, आई."

"बरं," आई म्हणाली. "आणि तुला कुणी करायची?"

दारात बायको उभी होती. दोनदा अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करायची तिला गरज वाटली नाही. तिनं फक्त खाली कारखान्याकडे पाहिलं.

बाइंडर खाली गेला. प्रेसचा स्क्रू सैल केला, वरची सागवानी फळी काढली, खांद्यावर घेतली आणि एकोणीस पावलं चालून खड्ड्यावर आडवी टाकली. फळी बरोबर बसली, दोन्ही बाजूंना चार चार बोटं उरलीसुद्धा. त्यानं वर उभं राहून पाहिलं. फळी हलली नाही. या सगळ्याला खोलीतून निघाल्यापासून दोन मिनिटं लागली. तीन महिने तो या फळीवर रोज हात ठेवत होता. बाइंडरला स्वतःची इतकी लाज वाटली की तो तिथेच फळीवर उकिडवा बसला. समोर सुतार आपल्या दारात उभा होता, त्याच्या मागे फळ्यांची चळत होती. तोही मान खाली घालून आत गेला.

त्या दिवशी उशीर झालेला झाकणवाला संध्याकाळी पाच वाजता झाकण घेऊन आला. फळी पाहून तो बुचकळ्यात पडला. दोन्ही रकान्यांत फळी नव्हती. त्यानं बराच विचार केला आणि मग हातगाडी वळवून परत गेला. दोनशे चौदांपैकी राहिलेल्या एकशे सत्त्याण्णव तक्रारी तपशिलाअभावी प्रलंबित ठेवण्यात आल्या. फळी अजून तिथेच आहे आणि आई बरी झाल्यापासून पुन्हा नऊ वाजता निघते. लोखंडासारखा टण आवाज येत नाही, लाकडाचा ठक असा येतो.

ही हकिकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या काहींनी पत्रातल्या मायन्याविषयी शंका विचारल्या आणि काहींनी नमुना क्रमांक बाराची प्रत मागितली. काही जाणकार मात्र हसून म्हणाले की फळीचं आमच्या पहिल्याच पानावर लक्षात आलं होतं. आलं असेलही. तरीसुद्धा त्यांनी पुढची सगळी पानं शांतपणे वाचली, कारण त्यांनाही पत्राचं काय होतं ते बघायचं होतं.